शीत म्हणजे भात, भात म्हणजे साळ : पणजीतील एका कोकणी वर्गाविषयी

पणजीत मळा या वस्तीच्या बाजूला एका जुन्या घराच्या माडीवर दर शनिवारी दुपारी चार ते सहा या वेळेत प्रौढांसाठी कोकणी संभाषणाचा वर्ग भरतो. बारा शनिवार, तीन हजार रुपये शुल्क, त्यातच एक पुस्तिका आणि चोडण बेटाची एक सहल. मी हा वर्ग यंदा पूर्ण केला. नोकरीमुळे किंवा लग्नामुळे गोव्यात आलेल्या आणि 'कोकणी आपल्याला कळतेच, तिच्यासाठी वर्ग कशाला' असे मानणाऱ्या मराठी मंडळींसाठी मी हा अभिप्राय लिहीत आहे. अकरा वर्षे मीही तसेच मानत होते.

मी मूळची सांगलीची. बँकेतील नोकरीमुळे म्हापशाला आले आणि इथेच राहिले. गोव्यात मराठी माणसाचे सहसा अडत नाही. देवळातली आरती मराठी, सकाळचे वर्तमानपत्र मराठी, जत्रेतले नाटक मराठी. समोरचा माणूस कोकणीत बोलतो, आपण मराठीत उत्तर देतो आणि व्यवहार पार पडतो. तो इतका सुरळीत पार पडतो की मधे काही निसटले असेल अशी शंका दोघांनाही येत नाही. मला ती शंका एका वयस्क ग्राहकामुळे आली. त्यांनी खिडकीपाशी येऊन सांगितले, 'म्हाका फाल्यां पयशे जाय.' जुन्या मराठीत आणि अभंगांत 'जाय' म्हणजे 'जातो'. माझ्या कानाने तेच धरले आणि उद्या यांच्या खात्यातून काही रक्कम जायची आहे असे समजून मी त्यांना हप्त्यांचा तक्ता काढून दिला. कोकणीत 'जाय' म्हणजे 'हवे'. त्यांना दुसऱ्या दिवशी मोठी रोख रक्कम हवी होती आणि तिची आगाऊ सूचना द्यायला ते उन्हातून आले होते. दुसऱ्या दिवशी रक्कम तयार नव्हती. शब्द अनोळखी असता तर मी पुन्हा विचारले असते. तो ओळखीचा वाटला म्हणून विचारले नाही. त्याच आठवड्यात मी वर्गात नाव घातले.

वर्गाची मांडणीच या ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांवर उभी आहे आणि माझ्या मते तीच त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. पहिल्या दिवशी टीचरनी (गोव्यात शिक्षिकेला सर्रास टीचर म्हणतात) फळ्यावर तीनच शब्द लिहिले : भात, तांदूळ, शीत. आम्हा चौदा जणांत नऊ जण मराठी होते. आम्ही सर्वांनी ताटात वाढतात तो भात आणि त्या भाताचा एक कण म्हणजे शीत असे लिहिले, कारण 'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण आम्हाला लहानपणापासून पाठ होती. कोकणीत शेतात डोलते ते भात, झोडणीनंतर कोठारात पडते ते सालासकट धान्यही भात. साल काढले की तांदूळ. आणि शिजून ताटात आलेला सगळा ढीग म्हणजे शीत. मराठीतही आपण भाताची लावणी करतो, भाताचे शेत म्हणतो; पण पुढे तोच शब्द आपण शेतातून थेट ताटापर्यंत नेला आणि 'शीत' या शब्दाला एका दाण्यापुरते ठेवले. कोकणीने मात्र चुलीपाशी शब्द बदलला. ज्या माणसाचे दुपारचे जेवणच 'शीत-कडी' (भात आणि कालवण) या जोडशब्दाने ओळखले जाते, त्याला पिकाचे आणि अन्नाचे नाव वेगळे लागावे हे मला पटले.

टीचरनी मग उलट प्रश्न केला की तुमच्या घाटावर असे कशाच्या बाबतीत होते. मी ज्वारीविषयी बोलू लागले. जोंधळा, शाळू, पीक पोटरीत येणे, निसवणे, कोवळ्या कणसांचा हुरडा, कापणीनंतर रानात उरणारी धसकटे, गुरांसाठी रचलेल्या कडब्याच्या गंजी. हे शब्द मला कोणी शिकवले नव्हते. ते माझ्या आजोळच्या रानातून माझ्याबरोबर आले होते. हुरडा म्हणजे काय हे वर्गातल्या गोमंतकीय मुलीला समजावताना मला दहा मिनिटे लागली, आणि तरीही आगटीचा धूर, थंडीची सकाळ आणि तळहातावर चोळलेले गरम दाणे यांपैकी किती तिच्यापर्यंत पोचले हे मला सांगता येणार नाही. भाषा संस्कृतीचे प्रतिबिंब असते असे आपण शाळेत लिहून मोकळे होतो. त्या दिवशी मला त्या वाक्याचे वजन कळले.

तिसरा आणि चौथा शनिवार सर्वनामांचे होते, आणि पूर्ण शुल्क मी त्या दोन दिवसांसाठीच दिले असते. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' यांत भिंत आहे. 'आम्ही निघतो' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण निघू या' म्हटले की तो आत येतो. गोव्याच्या कोकणीत ही भिंत सर्वनामात नाही. दोन्हीकडे 'आमी'च चालते, आणि 'आपूण' म्हणजे 'स्वतः'. माझ्या सहकारी स्त्रिया दुपारी डबा घेऊन उठताना 'आमी वचूंया' म्हणत, आणि पहिले काही महिने मी खुर्चीतच बसून राहत असे, कारण माझ्या मराठी कानाला ते 'आम्ही जातो' असे ऐकू येई. मला वगळले जात आहे असे वाटून मी मनातून दुखावले जात होते. टीचरनी फळ्यावर 'वचूंया'मधल्या 'या'खाली रेघ मारली : समावेश इथे आहे, क्रियापदाच्या टोकाला. मराठीत 'जाऊ या'मध्येही तोच 'या' आहे. पण आम्ही मराठी माणसे सर्वनामाकडे कान लावून बसतो, म्हणून टोकापर्यंत पोचतच नाही. आपली भाषा आपल्याला कुठे लक्ष द्यायचे याची सवय लावते, असे मला त्या दिवसापासून वाटते. तिने विचारांना कोंडून ठेवले आहे असे मात्र वाटत नाही. सवय मोडता येते, आणि ती मोडण्यासाठीच मी तिथे बसले होते.

'तूं'चेही तसेच. बाजारातली मासेविक्रेती, बसचा कंडक्टर, शेजारची आजी, सगळे सहज 'तूं' म्हणतात. पुण्या-सांगलीकडून आलेल्या माणसाला ते पहिल्यांदा खटकते. कोकणीत आदरार्थी 'तुमी' आहेच; पण आदराचा सगळा भार त्या एका शब्दावर टाकलेला नाही. आभाराचेही तसेच : 'देव बरें करूं' म्हणताना बोलणारा स्वतःचे काही देत नाही, समोरच्याचे भले करायला देवाला सांगतो. औपचारिक मराठीतल्या 'धन्यवाद'पेक्षा मला हे जवळचे वाटू लागले आहे.

नपुंसकलिंगाच्या दिवशी वर्गात खरी चर्चा झाली. कोकणीत 'चेडूं' म्हणजे मुलगी, आणि शब्द नपुंसकलिंगी. तरुण मुलगी स्वतःविषयीही नपुंसकलिंगी 'हांव आयलें' (मी आले) असे म्हणते, आणि वडीलधारी बाई तिला 'तूं खंयचें गो?' (तू कुठली गं?) असे विचारते. वर्गातल्या एका महाविद्यालयीन मुलीने आक्षेप घेतला की यात स्त्रीला पूर्ण व्यक्ती न मानण्याची वृत्ती दिसते. टीचरचे म्हणणे असे की यात लाड आहे, आपण 'ते बाळ', 'ते पोर' म्हणतो तसा. मला दोघींचेही पूर्ण पटले नाही. जर्मन भाषेतही मुलीसाठीचा 'मेडशेन' हा शब्द नपुंसकलिंगी आहे. तिथे त्याचे कारण शब्दाच्या शेवटी लागलेला लघुत्वदर्शक प्रत्यय हे आहे, स्त्रीविषयीचे मत नव्हे. व्याकरणातील लिंगावरून समाजाचे मन वाचण्याची घाई करू नये. तरीही जी भाषा मुलीला मोठी होताना तिचे व्याकरणिक लिंग बदलायला लावते, ती तिच्या वयाच्या त्या टप्प्याकडे लक्ष वेधते, एवढे मी मान्य करते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका वृद्ध मासेविक्रेतीने मला, चाळिशी ओलांडलेल्या बाईला, 'खंयचें गो तूं?' असे विचारले, तेव्हा मला क्षणभर माझी आजी आठवली.

आठव्या शनिवारी भाषा आणि विचार यांच्या संबंधावर एक व्याख्यान होते. वर्गातला हा सर्वांत कच्चा भाग, आणि त्याविषयी मी स्पष्ट लिहिणार आहे. सुरुवात चांगली झाली. बेंजामिन ली व्होर्फ (१८९७–१९४१) हे अमेरिकी अभ्यासक व्यवसायाने आगविम्याच्या कंपनीत तपासनीस होते. पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांपाशी लोक काळजी घेतात, पण 'रिकाम्या' पिंपांपाशी बेफिकीर वागतात, आणि ज्वालाग्राही वाफ तर रिकाम्या पिंपांतच साचलेली असते, हे त्यांनी नोंदवले होते. 'रिकामे' या शब्दाने माणसाला निर्धास्त केले. मला लगेच माझा 'जाय' आठवला. पुढे मात्र व्याख्यात्याने एस्किमोंकडे बर्फासाठी शेकडो शब्द असल्याची गोष्ट सत्य म्हणून सांगितली. मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी १९११ साली उदाहरणादाखल चार मूळ शब्द दिले होते, आणि सांगणाऱ्यागणिक ती संख्या वाढत गेली. त्या भाषांत एका धातूला प्रत्ययांमागून प्रत्यय जोडून वाक्याएवढे शब्द घडतात, त्यामुळे तिथे शब्द मोजण्याला फारसा अर्थ नाही. मी हे उठून सांगितले आणि टीचरनी ते मोकळेपणाने ऐकून घेतले, हेही नमूद करायला हवे.

या विषयात विश्वासार्ह काम भरपूर झालेले असताना ऐकीव गोष्टीची गरजच नव्हती. रशियन भाषेत फिक्या आणि गडद निळ्या रंगांना दोन स्वतंत्र मूळ नावे आहेत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे आढळले की दोन निळ्या छटा त्या नावांच्या सीमेच्या दोन बाजूंना असल्या की रशियन भाषक त्या अधिक झटकन वेगळ्या ओळखतात; इंग्रजी भाषकांत असा फरक दिसला नाही. त्याहून महत्त्वाचे हे, की त्याच वेळी मनात आकडे घोकायला लावले की रशियन भाषकांचा तो लाभ नाहीसा होत होता. म्हणजे भाषेने डोळे बदललेले नव्हते. पाहण्याच्या क्षणी ती शेजारी बसून मदत करत होती. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधील गुगू यिमिथिर भाषेत जवळच्या वस्तूंची जागा सांगायलाही डावे-उजवे न वापरता दिशा वापरतात, आणि त्यामुळे बोलणाऱ्याला दिशांचे भान सतत ठेवावे लागते. आपल्याकडचे उदाहरण तर घरातच होते. मराठीत 'तो आला म्हणे' असे म्हणताच बोलणारा सांगतो की हे मी पाहिलेले नाही, ऐकलेले आहे. कोकणीत हेच काम शेवटचे 'खंय' करते. एस्किमोंच्या गोष्टीपुढे एक 'म्हणे' लावले असते तरी माझी तक्रार राहिली नसती.

नवव्या शनिवारी वाद झाला. निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी कोकणी ही मराठीचीच बोली आहे असे ठासून सांगितले. गोव्यात हा विषय किती नाजूक आहे हे इथे राहणाऱ्यांना ठाऊक आहे. साहित्य अकादमीने १९७५ साली कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा मानले, १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतील कोकणी गोव्याची राजभाषा झाली आणि मराठीचा शासकीय वापरही मान्य झाला, १९९२ साली कोकणी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. टीचर यांपैकी काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी थॉमस स्टीफन्स यांचे उदाहरण दिले. या इंग्रज जेझुइट पाद्रींनी दहा हजारांहून अधिक ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले, ते १६१६ साली गोव्यातील रायतूर (राशोल) येथे छापले गेले, आणि ते मराठीत आहे. त्यांनीच लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली, रायतूरलाच छापले गेले. एकाच माणसाला श्रोत्यांपुढे गाण्यासाठी एक भाषा लागली आणि त्यांच्याशी बोलण्यासाठी दुसरीचे व्याकरण लिहावे लागले. आजही गोव्यातल्या कितीतरी हिंदू घरांत चवथीची (गणेशचतुर्थीची) आरती मराठीत होते आणि आरतीचे ताट कोणी धरायचे याची बोलणी कोकणीत. दोन भाषांनी मनाच्या दोन खोल्या वाटून घेतल्या आहेत. गृहस्थांचे मत बदलले की नाही, मला माहीत नाही. ते उरलेले तिन्ही शनिवार आले.

पोर्तुगीज शब्दांच्या तासाविषयी थोडक्यात लिहिते. कोकणीत खिडकीला जनेल आणि खुर्चीला कदेल म्हणतात हे ऐकून आम्ही मराठी मंडळी जरा मोठेपणाने हसलो, तेव्हा टीचरनी आम्हाला आमच्याच घरातली यादी करायला सांगितली. चावी, साबण, बादली, पाव, बटाटा, काजू, अननस, पगार, घमेले, तुरुंग, हापूस. सगळे पोर्तुगिजांकडून आलेले. व्होर्फची गोष्ट सांगताना वापरलेले 'पिंप'सुद्धा.

दहाव्या शनिवारची चोडणची सहल हा या वर्गाचा कळस होता. त्याआधीच्या तासाला टीचरनी 'मानस' हा शब्द देऊन त्याचा अर्थ लिहून आणायला सांगितले होते. आम्ही सर्वांनी मन, हेतू, मनोदय असे लिहिले. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे गेलो, खाजनांच्या बांधावरून चालत निघालो आणि एका दगडी खांबांच्या लाकडी दरवाजापाशी थांबलो. हाच तो मानस. खाजन म्हणजे खाडीच्या भरतीपासून बांध घालून राखलेली सखल जमीन. भरती चढली की पाण्याच्या दाबाने मानशीची दारे आपोआप मिटतात आणि खारे पाणी शेतात येत नाही. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने ती उघडतात आणि साचलेले पाणी बाहेर जाते. आत कोरगुट हे खारेपणा सोसणारे भात पिकते, आणि दारापाशी जाळे लावून मासळी धरण्याच्या हक्काची पावणी होते. पावणी म्हणजे लिलाव, आणि लिलाव हा शब्दही पोर्तुगीजच. हे सगळे पूर्वी गावकरी सांभाळत असे. गावकरी म्हणजे गावची सामायिक जमीन राखणारी संस्था, जिला पोर्तुगिजांनी कोमुनिदाद म्हटले.

त्या दरवाजाचा आणि आपल्या मनाचा शब्द एकाच मुळाचा आहे असा दावा मी करत नाही. टीचरनीही केला नाही. पण किनाऱ्यावरच्या माणसाला 'मानस' म्हणताच भरती-ओहोटीचे वेळापत्रक, अमावास्या-पौर्णिमेचे उधाण, बांधाची डागडुजी आणि पहाटेची मासळी एकदम आठवत असेल, आणि मला तोच उच्चार ऐकून एक अमूर्त संस्कृत शब्द आठवत होता. शेजारची काही खाजने पडीक दिसत होती, एका मानशीची दारे मोडलेली होती. सोबत आलेल्या गावच्या शेतकऱ्याने सांगितले की त्याच्या मुलाला हा शब्द माहीत आहे, नातवाला नाही. शब्दकोशात जपून हा शब्द टिकणार नाही. दरवाजा दुरुस्त झाला आणि शेत पिकले तरच त्या नातवाला तो शब्द वापरायची वेळ येईल.

आता उणिवा. पुस्तिका पूर्णपणे देवनागरीत आहे. राजभाषेची लिपी ती आहे हे खरे. पण गोव्यातल्या ख्रिस्ती समाजाची कितीतरी कोकणी रोमी (रोमन) लिपीत आहे. १८९२ साली मुंबईत सुरू झालेल्या तियात्राची (कोकणी संगीतनाट्याची) भित्तिपत्रके आजही रोमीत लागतात आणि चर्चमधली प्रार्थनापुस्तके रोमीत असतात. बारा शनिवारांत तिच्यासाठी एकही तास नसणे हे मला अपुरे वाटले, कारण निम्मे शेजारी ज्या लिपीत वाचतात ती सोडून त्यांची भाषा शिकणे अर्धवट राहते. दुसरे, शिकवतात ती फोंड्याकडची, अंत्रुजी वळणाची कोकणी. दक्षिण गोव्यातल्या साष्टी तालुक्यातली माणसे बोलू लागली की माझी आजही तारांबळ उडते. निदान ध्वनिमुद्रणे तरी ऐकवायला हवी होती. तिसरे, सरकारी नोकरीसाठी कोकणीचे ज्ञान लागते म्हणून आलेले तरुण आणि शेजाऱ्यांशी बोलता यावे म्हणून आलेले आमच्यासारखे लोक यांना एकत्र बसवतात. त्या मुलांना परीक्षेची घाई असते आणि गप्पांचे तास त्यांना वाया गेल्यासारखे वाटतात. दोन तुकड्या केल्या तर दोघांचेही भले होईल. पुस्तिकेची छपाई फिकी आहे आणि अनुस्वार कुठे कुठे उमटलेलेच नाहीत. ज्या भाषेत अनुनासिकाने अर्थ बदलतो, तिच्या पुस्तिकेत ही चूक लहान नाही.

एवढे असूनही मी हा वर्ग सुचवते, आणि मराठी माणसाला तर आग्रहाने सुचवते. परक्या प्रांतातून आलेला माणूस शून्यापासून सुरुवात करतो, त्याला प्रत्येक शब्द विचारावा लागतो. आपल्याला दहातले सात शब्द येतात आणि त्या सातांपैकी दोन-तीन दुसऱ्याच जगातले असतात. ते कोणते हे कोणी थांबवून दाखवल्याशिवाय दिसत नाही. या वर्गात ते थांबवणे होते. घाईने बोलायला शिकायचे असेल तर मोबाइलवरचे धडे पुरेत.

गेल्या महिन्यात ते वयस्क ग्राहक पुन्हा आले. मी विचारले, 'तुमकां कितें जाय?' त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिले, खुर्ची ओढली आणि पेन्शनच्या कागदापासून सुरू करून घरच्या विहिरीच्या पाण्यापर्यंत सगळे सांगितले. मला त्यातले बहुतेक कळले.

नवी तुकडी चवथीनंतर सुरू होते. नाव घातलेत तर पुढच्या बाकांवर बसा, मागे रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येतो, आणि सोबत एक जाड वही न्या.